खारीचा पिंजरा
वाळलेल्या मोहफुलांचा वास आला की मला मध्य प्रदेशातल्या बालाघाटचं ते गाद्यांचं दुकान आठवतं. पंच्याऐंशीच्या आसपासचा उन्हाळा होता. सातवीतच शाळा सुटली आणि अकोल्याकडचं गाव सोडून मी तिथे कापूस पिंजायला राहिलो होतो, आणि एक खार लग्नाच्या गाद्या फाडून कापूस पळवत होती. "खार पकड, नाही तं गावची बस पकड," दुकानाचे मालक काकाजी हसत म्हणाले. मला मात्र हसू येईना. उंदराच्या पिंजऱ्यात पोळी ठेवली, तिला मुंग्या लागल्या. शेंगदाणे ठेवले, ते तिने दार न पाडता अलगद नेले. काकाजींच्या घरच्या काकी म्हणाल्या, "खाली काहून ठेवतं बाप्पा? खार आढ्यावरून येते. पिंजरा वरच बांध, अन् मोहफूल आकड्याले दोऱ्यानं पक्कं कर." दुपारी दार खट्‌कन पडलं. खारीच्या मिशांना कापूस चिकटलेला होता, आणि पोटाशी आचळं दुधानं भरलेली. काकी पिल्लं शोधू लागल्या, तर ती निघाली खुंटीवरच्या माझ्याच पिशवीत, घरून आणलेल्या स्वेटरच्या घडीत. तीन गुलाबी जीव. आता काकाजी म्हणणार, यानेच पाळली! त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पिंजऱ्याचं दार उचललं. "पिल्लं मोठी होयेपर्यंत पिशवी खुंटीवरून हालवू नको," ते म्हणाले, "अन् तू बी कुठी जाऊ नको." खारी पावसाळ्याआधीच गेल्या, मी कित्येक वर्षं राहिलो. आजही नव्या ठिकाणी पाय ठेवताना मी आधी भिंतीला खुंटी आहे का ते पाहतो.