दोरीपाशी उभा जैतू

जैतूला ऐकू येत नाही, हे मुरबाडमध्ये फक्त त्याच्या बायकोला, जिवलीला ठाऊक होतं. टोकावड्याच्या वरच्या वाडीतला हा माणूस. ऐन तरुणपणी त्याने दगडखाणीवर आठ वर्षं काढली. सुरुंग आणि खडी फोडायचं यंत्र यांनी आधी एक कान नेला, मग दुसरा. पुढे बाजारपेठेतल्या व्यापारी मंडळात त्याला शिपायाची नोकरी लागली, तेव्हा डाव्या कानाने थोडंफार कळायचं. दोन वर्षांत तेही गेलं.

समोरचा माणूस बोलला की जैतू त्याच्या ओठांकडे बघायचा आणि अंदाजाने हो म्हणायचा. पाठीमागून कोणी हाक मारली आणि तो वळला नाही, तर लोक म्हणत, जैतू भारी घुमा आहे. घुमा म्हणवून घेणं त्याला परवडत होतं. बहिरा ठरलो तर नोकरीवर कोण ठेवील?

खरी भीती रस्त्याची. बाजारपेठेचा रस्ता अरुंद, त्यात जीपगाड्या, टेम्पो, मोटरसायकली. जैतू दुकानांच्या पायऱ्यांना खेटून चालायचा. नजर लोकांच्या तोंडावर. लोक दचकून बाजूला झाले की हाही व्हायचा. रोज घरी पोचला की पिंढऱ्या दुखायच्या, इतके त्याने पाय आवळून धरलेले असत.

म्हणून २००३ च्या ऑक्टोबरात मंडळाचे अध्यक्ष कमळाकरशेठ यांनी सांगितलं की लोकांना मोकळेपणी फिरता यावं म्हणून येत्या रविवारी सकाळी आठ ते दोन पेठेत एकही गाडी येणार नाही, तेव्हा जैतूला वाटलं, एक दिवस तरी रस्त्याच्या मधून चालू. पण शेठ पुढे म्हणाले, "नाक्यावर दोरी बांधायची. तिथं तू उभा राहा. शिट्टी देतो तुला. कोणाला सोडायचं नाही."

जैतूने मान डोलावली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"सांग ना त्यांना खरं," जिवली म्हणाली.

"सांगू नि घरी बसू?"

रविवारी तो पहाटेपासून दोरीपाशी उभा. तोंड सतत नाक्याकडे, म्हणजे येणारी गाडी दिसावी. तीन जीपा परतवल्या, एक टेम्पो परतवला. डोळे ताणून ताणून कपाळ ठणकायला लागलं. अकराच्या सुमाराला नाका मोकळा दिसला आणि त्याने जरा मागे वळून पाहिलं. रस्त्यात रांगोळ्या. पोरी फुगडी घालत होत्या. जिवली काकड्यांची पाटी घेऊन भर रस्त्यात पथारी मांडून बसली होती. इतका मोकळा रस्ता त्याने कधी पाहिलाच नव्हता. तो बघतच राहिला.

एकाएकी त्याच्या खांद्याला हिसका बसला. वळून पाहतो तर धसईचा जीपवाला कुंडलिक, लालबुंद झालेला. मागे दोरीला टेकून त्याची जीप.

"मेलायस का रे? कवाधरनं हारन मारतोय!"

जैतूने आत डोकावलं. कुंडलिकची भाची दिपिका मागच्या बाकावर आडवी होती, पाय पोटरीपर्यंत सुजलेला. त्याची नजर पुन्हा कुंडलिकच्या ओठांवर गेली. फुरसं डसलं. भात कापताना.

सरकारी दवाखाना पेठेच्या पलीकडे होता. जैतू दोरीला झोंबला. पहाटेच्या दवाने गाठ आवळून बसलेली, सुटेना. जिवलीने पळत येऊन विळा दिला. दोरी तुटली.

पण पुढे रस्ताभर माणसं आणि पोरं होती. जैतूने शिट्टी तोंडात धरली आणि जीपच्या पुढे धावत सुटला. शिट्टी वाजते की नाही, हेही त्याला कळत नव्हतं. गाल दुखेस्तोवर फुंकत होता. पाठीमागे जीप किती जवळ आली, ते समोरच्या तोंडांवरून ताडायचं. एका बाईने डोळे गच्च मिटले तसा तो झपकन डावीकडे झाला. जीपचा आरसा त्याच्या कोपराला घासून गेला. जैतू पुन्हा पुढे आला. एकेका पोराला दंडाला धरून पायरीवर ढकलत तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचला आणि तिथे भिंतीला धरून ओकला.

दिपिकाला सापाच्या विषावरची लस मिळाली. संध्याकाळपर्यंत ती शुद्धीवर आली. पाय पुढे कित्येक महिने सुजायचा, पण जिवावरचं टळलं.

कमळाकरशेठ फाटकापाशीच आले. "जैतू, सगळ्या पेठेला हॉर्न ऐकू आला. तुला नाही आला?"

जैतूने मागोमाग धावत आलेल्या जिवलीकडे पाहिलं. नेहमीसारखं ती काहीतरी सावरून घेईल, असं त्याला वाटलं.

"त्याला आयकू येत नाय, शेठ," जिवली म्हणाली. "पाच वरसं झाली. आज माणूस मेलं असतं. आमी आता नाय लपवणार."

शेठ दिपिकाला बघायला आत गेले. पुढचे चार दिवस जैतू रोज वेळेवर ऑफिस उघडायचा, झाडायचा आणि शेठ काय ठरवतात म्हणून दाराकडे बघत बसायचा. पाचव्या दिवशी शेठनी त्याला समोर बसवलं आणि सावकाश, ओठ नीट हलवून सांगितलं, "काम कर. फक्त रस्त्यावरचं काम तुला नाही."

जैतूला ते पहिल्या खेपेला कळलं, पण खात्री पटेना. त्याने शेठना पुन्हा बोलायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कोणाला म्हणाला, "मला आयकू नाय आलं. परत सांगा."