सुनंदा खोटं बोलली नाही

हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले होते, तेव्हा श्रीकांतचा फोन आला. श्रीकांत म्हणजे सुनंदाचा धाकटा भाऊ, ठाण्याला असतो. म्हणाला, "ताई गेली. सकाळी साडेनऊला." पुढे तो काय बोलला ते नीट ऐकू आलं नाही. काउंटरवरच्या मुलीने कागद पुढे सरकवला, मी जिवंत आहे म्हणून त्यावर सही केली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. उन्हात बराच वेळ बसले असेन, कारण पहारेकऱ्याने येऊन पाणी हवं का विचारलं. हे होणार हे चार महिन्यांपासून माहीत होतं. माहीत असण्याचा तसा काही उपयोग होत नाही.

डोंबिवलीच्या शाळेत आम्ही बावीस वर्षं एकाच शिक्षकखोलीत बसलो. मी मराठी शिकवायची, ती विज्ञान. मी संकष्टीला उपास करायची आणि ती माझ्यासमोर डबा उघडून भाजी-पोळी खायची, वर माझ्या साबुदाण्यातला अर्धा घ्यायची. देव नाही, आत्मा नाही, मेल्यावर काही नाही, हे ती पाणी शंभर अंशांना उकळतं म्हणून सांगावं इतक्या सहज सांगे. वाद घालत नसे. लग्न केलं नाही. कल्याणला आईबरोबर राहायची. आईच्या दोन्ही डोळ्यांवर फूल पडलेलं. नेत्रपेढीच्या यादीत नाव होतं, पण नंबर लागायच्या आधीच आई गेली. तिचे दिवस न करता सुनंदा पंधराव्या दिवशी त्याच नेत्रपेढीत गेली आणि म्हणाली, मला काहीतरी काम द्या. तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीत कुठेही कुणी गेल्याचं कळलं की ती रिक्षा करून त्या घरी पोचायची. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. रडणाऱ्या माणसांमध्ये बसून ती त्यांच्याजवळ डोळे मागायची. मला हे काम अंगावर काटा आणणारं वाटायचं. मी तिला तसं म्हटलंही होतं.

मग एक दिवस ती माझ्याच घरी आली. चार वर्षांपूर्वी माझे यजमान सकाळी पेपर वाचता वाचता गेले. तासाभरात सुनंदा दारात होती. तिने पंखा बंद केला, त्यांच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी सरकवली, आणि मग माझ्याशेजारी बसून हळूच विचारलं. माझी नणंद म्हणाली, पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल माझा भाऊ. मी शिकलेली बाई, मुलांना निबंधात अंधश्रद्धेवर लिहायला लावणारी... मी मान हलवली, नको म्हटलं. सुनंदाने पुन्हा विचारलं नाही. कापूस उचलला, पंखा लावला आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला सरळ करत राहिली.

तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती मुगाची खिचडी घेऊन आली. घरात आम्ही दोघीच. मी तिला विचारलं, "माझी आणि ह्यांची परत भेट होईल ना गं?"

तिने डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाली, "मला नाही वाटत. पण तीस वर्षं तुम्ही एकत्र होतात, ते झालंय. ते आता कुणाला पुसता येणार नाही."

मी तिला जायला सांगितलं. तिने डबा तिथेच ठेवला आणि गेली. एक शब्द बोलायचा होता तिला, 'हो'. एवढंही मैत्रिणीला जड व्हावं, याचा राग मी दोन वर्षं बाळगला. तिचे फोन उचलले नाहीत. दिवाळीला तिने पाठवलेल्या चकल्या शेजारी देऊन टाकल्या. आता ती दोन वर्षं आठवली की जेवण जात नाही. तिच्याकडे एकंदर किती वर्षं उरली होती ते ठाऊक असतं तर... पण हेच तर ती सांगत होती.

तिला रक्ताचा कॅन्सर झाल्याचं शाळेतल्या जुन्या शिपायाकडून कळलं. मी कल्याणला गेले. दार उघडून तिने मला पाहिलं आणि म्हणाली, "ये. चहा तू कर, माझे हात थरथरतात." दोन वर्षांचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी. रक्ताचा कॅन्सर असला तर डोळे घेत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगण्याआधीच तिला माहीत होतं. इतक्या घरांत पदर पसरला आणि माझ्याकडून मात्र काहीच जाणार नाही, असं म्हणून ती ओट्याला टेकून हुंदके देत राहिली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. परलोक मानणाऱ्या माझ्याजवळ तिला द्यायला तेव्हा काहीही नव्हतं.

भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. वाटते, म्हणाली. नसण्याची नाही, कारण तेव्हा घाबरायला आपण नसतोच. पण सकाळी चहातल्या आल्याचा वास आला की वाटतं, हे पुरे झालेलं नाही. ती शांतपणे, हसत गेली असं कुणी लिहिलं तर ते खरं नाही. ती चिडायची, नर्सवर ओरडायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मग हे सगळं कशासाठी केलंस, असंही मी विचारलं होतं. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "कशासाठी म्हणजे? कुणाला तरी दिसतं ना." थोड्या वेळाने म्हणाली, पुढे काही आहे असं वाटलं असतं तर ती कदाचित निवांत बसली असती, राहिलेलं तिकडे करू म्हणून.

उपचार सुरू झाल्यावर तिला माणसांत जायची बंदी झाली. कुणी गेल्याचे फोन मात्र येत राहिले. एका दुपारी तिने तिच्याऐवजी मला जायला सांगितलं. मी हात जोडले. ज्या बाईने स्वतःच्या नवऱ्याचे डोळे दिले नाहीत तिने दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने जायचं? ती म्हणाली, "तू देव मानतेस. माझ्यापेक्षा तुझं ऐकतील." गेले. दत्तनगरच्या त्या घरात मी जे पाठ करून गेले होते ते घडाघडा बोलले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. परत येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, जे गेले त्यांचं नाव काय होतं? मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

शेवटचे आठ दिवस ती ठाण्याच्या हॉस्पिटलात होती. आवाज अगदी खोल गेला होता. मी रामरक्षा म्हटली तर चालेल का, असं मी भीत भीत विचारलं, तर मनात म्हण म्हणाली. मी मनात म्हणत होते आणि ती छताकडे पाहत होती. मध्येच तिने माझं मनगट धरलं.

"तुझ्या यजमानांच्या वेळी मी खोटं बोलायला हवं होतं का गं?"

म्हणजे इतकी वर्षं तिनेही ते वागवलं होतं. मी म्हटलं, "हो. तेव्हा हवं होतं."

"आणि आता?"

"आता नको."

तिने मान हलवली. हात सोडला नाही. नर्स सलाईन बदलायला आली तेव्हा मीच तो सोडवला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. झोपच जास्त होती. तिसऱ्या दिवशी श्रीकांतचा फोन आला.

तिच्या इच्छेप्रमाणे कोणतेही विधी झाले नाहीत. विद्युतदाहिनीजवळ आम्ही नऊ जण होतो, वीस मिनिटांत सगळं आटोपलं, आणि मग कुठे जायचं ते कुणालाच कळेना. दहावं नाही, तेरावं नाही. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ते तेरा दिवस मेलेल्यासाठी नसतात. मी अजूनही रोज देवापुढे दिवा लावते. पण ह्यांची भेट होईल, हे वाक्य आता मनात सुरू होतं आणि पूर्ण होत नाही. तिने ते हिरावून घेतलं असं म्हणवत नाही. तिच्या हाताजवळ बसून बसून ते आपोआपच विरलं असावं. त्या जागी दुसरं काही आलेलं नाही. कुणी गेल्याचं कळलं की मी जाते, एवढंच.

गेल्या आठवड्यात विठ्ठलवाडीहून फोन आला. फोन करणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे. बायको दुपारी गेली होती. मुलगा बंगलोरहून निघाला होता, शेजारी जमले होते. काही समजावून सांगावं लागलं नाही. दोघांनी पूर्वीच ठरवलं होतं म्हणाले. नेत्रपेढीची माणसं आली, त्यांनी दार लोटून घेतलं. आजोबा बाहेर खुर्चीवर बसून बायकोचा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. मी शेजारी बसले. शैला दोन-दोन चष्मे वापरायची, एक वाचायचा, एक लांबचा, आणि दोन्ही हरवायची, हे त्यांनी मला सांगितलं. दार उघडलं तेव्हा त्यांनी आतल्या मुलीला विचारलं, आता हा घातला तर चालेल का? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल.

निजलेल्या माणसाला चष्मा घालणं सोपं नसतं. एक काडी कानामागे गेली, दुसरी उशीत अडकत होती. मी मान थोडी उचलून धरली. चष्मा बसला. आजोबा जरा मागे सरून पाहत राहिले, तर एका काचेवर त्यांच्याच बोटाचा ठसा राहिला होता. त्यांनी चष्मा पुन्हा काढला, तोंडाची वाफ देऊन पुसला, उजेडाकडे धरून पाहिला, आणि मला म्हणाले, "पुन्हा एकदा धरा."

मी मान धरली.