गंगेतली गढी आणि सहा शेळ्या

शहागडच्या पुढे, भर गोदावरीत (इथे तिला गंगाच म्हणतात) ते बेट बसलेल्या म्हशीसारखं दिसतं. काठावरचा फलक त्याला ‘भव्य ऐतिहासिक किल्ला’ म्हणतो. उद्घाटकांचं नाव किल्ल्याच्या नावाहून ठळक.

नेणाऱ्या साहेबरावमामांकडे होडी नव्हती, काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) होती. ती वल्ह्यासरशी गरगर फिरते. वाटेत मला गढी तीनदा दिसली आणि गावही तीनदा.

“मामा, बुडणार नाही ना?”

“हिच्यातून कधी गूळ सांडला न्हाई. बराबर मधी बसा.”

उन्हं कलली की येतो म्हणून मामा परतले. किल्ला म्हणजे एक बुरूज आणि दीड भिंत. वस्ती सहा शेळ्यांची. भाद्रपदात उघडीप मिळाली की मामा त्या इथे चरायला सोडतात. बेटावर ना लांडगा, ना शेजाऱ्याचं पीक. माझी अर्धी भाकरी एका शेळीने खाल्ली. ठेचा मात्र तिने हुंगून सोडला.

जेवताना पैलतीरावरून भोंगा ऐकू आला. कुणाचा तरी सत्कार असणार म्हणून मी पाठ फिरवली. थोड्या वेळात शेळ्या निमूट बुरूज चढू लागल्या. खाली पाहिलं, तर उतरलो होतो तो खडक पाण्यात गेला होता, शेजारी काढून ठेवलेल्या चपलांसकट. मला पोहता येत नाही. मी शेळ्यांमागून वर गेलो.

पाणी भिंतीला लागलं तेव्हा काहील दिसली.

“भोंगा ऐकला न्हाई का?”

“ऐकला. सत्कार वाटला.”

“धरणाचं पाणी सोडून राह्यले, तेच सांगत व्हते.” मामांनी तीन शेळ्या आत घेतल्या.

“आणि मी?”

“दुसऱ्या खेपेला. तुम्ही असले की बाकीच्या बुजत न्हाईत.”

असं पद मला आजवर कुणी दिलं नव्हतं. उरलेल्या तिघींच्या दोऱ्या धरून मी काहिलीची प्रत्येक गिरकी पाहत बसलो. मामा परत आले. चौघेही आत बसलो, मी बराबर मधे.

काठावर मामी शेळ्या मोजत होत्या. “साही आल्या बाई. आन हे?”

“हे बी आलं.”

अनवाणीच एसटीत चढलो. घरी सगळे किल्ल्याबद्दल विचारतात. भव्य वगैरे काही नाही. बुरूज मात्र पुरेसा उंच आहे.