आबांची शिकवणी आणि तीन डीव्हीडी

आमचे आबा इचलकरंजीत नक्षीचे मास्तर होते. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं एकेक घर भरून ते साडीचा काठ काढायचे, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायचे. ते पत्ते मागावर चढले की तोच काठ कापडावर उतरायचा. घरोघरी डीव्हीडी प्लेअर येऊ लागले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. कारखान्याच्या मालकानं कॉम्प्युटर आणला आणि सांगितलं, दिवाळीनंतर नक्षी यावरच काढायची, नाही जमलं तर दुसरा माणूस बघतो.

मी तेव्हा कोल्हापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. नक्षीचा तो प्रोग्राम मला येत होता. "माझ्याकडं या, महिन्यात शिकवते," म्हटलं तर आबा उखडले.

"मिसरूड न फुटलेल्या पोरांशेजारी बसू व्हय मी? आनि फळ्याजवळ उभी माझीच लेक?"

त्यांचा राग नाकावर असतो आणि मी त्यांचीच मुलगी. "मग बसा पेन्सिल घेऊन," म्हणून मी तरातरा बस स्टँड गाठला. नंतरचे दोन रविवार घरी गेलेच नाही. पण आबांना कामावरून काढलं तर ते कारखान्यासमोरून चालणंसुद्धा सोडून देतील, हे मला ठाऊक होतं, आणि त्या विचारानं घास गोड लागत नव्हता.

तोड आईनं काढली. फोनवर म्हणाली, "टीव्हीवर दिसंल असं काय तरी कर की. घरात बसून बगायला त्येंना लाज कसली?"

मग क्लासच्या कॉम्प्युटरवर मी नक्षी काढत गेले, तोंडानं सांगत गेले आणि पडद्यावरचं सगळं रेकॉर्ड केलं. ती फाइल जशीच्या तशी डीव्हीडीवर टाकून रविवारी ऐटीत घरी गेले. प्लेअरनं डिस्क थोडा वेळ गरगर फिरवली आणि बाहेर ढकलली.

"मोकळीच आनलीस व्हय?" आबा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला फाइल प्लेअरला वाचता येईल अशा डीव्हीडीच्या साच्यात बसवून नेली. चित्र आलं, पण माउसचा बाण बेडकासारखा उड्या मारायला लागला. चौकटीच्या बारीक रेघा तर अशा थरथरत होत्या की आईनं मान फिरवली. आबा मात्र स्टूल घेऊन टीव्हीला नाक लावून बसले. बोटानं घरं मोजली, पुन्हा मोजली.

"किती घरांचा कागद घेतलास?"

"साठ."

"हितं चौपन्न हायती. तीन डावीकडची न्हाईत, तीन उजवीकडची न्हाईत."

"माझ्या कॉम्प्युटरवर आहेत की सगळी."

"असतील. माझ्या टीव्हीवर न्हाईत." मग टीव्हीच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "मागावर कापडाच्या कडा वडल्या जात्यात. म्हनून आमी कडंला नक्षी घालतच न्हाय, साधी किनार सोडतो. तूबी सोड की."

कोल्हापुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाला विचारलं, तर त्यानंही तेच सांगितलं: टीव्ही चित्राच्या कडा खातो, चारी बाजूंनी जागा सोडा. वर म्हणाला, "टीव्हीला सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात ताई, तुम्ही पाचच दिलीत. बाण उडणारच." मला माझीच लाज वाटली. मी शिकवायला निघाले होते आणि पहिला धडा आबांनी मला दिला होता.

तिसऱ्या डीव्हीडीसाठी सगळं नव्यानं रेकॉर्ड केलं. सेकंदाला पंचवीस चित्रं घेतली, रेघा जाड केल्या, अक्षरं मोठी केली, चारी बाजूंनी काळी किनार सोडली. ते डीव्हीडीत बदलायला कॉम्प्युटरनं सुट्टीची अख्खी दुपार खाल्ली, मधे दोनदा बंदही पडला. पण टीव्हीवर बाण असा सुळकन सरकला की आबांनी हातातला चहा खाली ठेवला.

त्यानंतर त्यांनी रिमोट कुणाला दिला नाही. थांबवायचे, वहीत लिहायचे, पुन्हा मागे न्यायचे. आईला तर ते न बघताच पाठ झालं. भाकरी थापता थापता ती स्वयंपाकघरातून सांगायची, "आता उजवं बटन."

दिवाळी झाली. आबा कॉम्प्युटरवर बसणार होते त्या दिवशी मी क्लासमध्ये विनाकारण सगळ्यांवर डाफरत होते. दुपारी फोन आला. आबा फोनवरही पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं बोलतात.

"काठ उतरला. कोयरीचा."

"मालक काय म्हणाले?"

"काय म्हननार? पुढच्या काठाचा कागद दिला हातात." मागांच्या खडखडाटात त्यांनी आवाज आणखी चढवला. मग म्हणाले, "इचारत हुते, मास्तर, कुठल्या क्लासला गेलता? म्या म्हनलं, लेकीच्या."