गोणपाट

आमच्या गावाबाहेरच्या गोल्फ मैदानावर हिरवळ नाही. जिथं चेंडू भोकात घालायचा, तिथं तेल मारलेल्या वाळूचं गोल अंगण आहे. स्वस्तातला खेळ, म्हणून माझ्यासारखा निवृत्त ड्रायव्हरही खेळतो. खेळून झालं की गोणपाट ओढून वाळूतली आपली पावलं पुसायची, हा तिथला नियम. ते काम माझी बायको करायची. "एवढ्याशा गोळीपायी मैलभर चालता, त्यापेक्षा शेरडं राखा," म्हणायची. पण रोज यायची.

ती गेल्यावर आज पहिल्यांदा एकटा गेलो. चेंडू भोकात गेला, मागं वळलो, तर वाळूत नुसती माझीच पावलं. घरातही तिचं काही नाही. तेराव्यानंतर सुनेनं घर धुतलं, लुगडी वाटून टाकली. सुनेचं चुकलं नाही, घर साफ ठेवावंच लागतं. पण इतकी वर्षं राहिलेलं माणूस कुठंतरी दिसायला नको?

मागून येणारे ओरडले, "ओ बाबा, गोणपाट कोण ओढणार?"

"ओढणारी गेली," म्हटलं.

मग मीच गोणपाट उचललं आणि तिच्यासारखं गोल गोल फिरत कडेला आलो. वाळू साफ झाली. कुणी येऊन गेलंय असं वाटेना.