सदतिसावा फोटो

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे मेकॅनिककाका म्हणत. हातात पाना असो की कॅमेरा, माणूस तोच, चिवट. फोटोंचा नाद नोकरीइतकाच जुना. रोल छत्तीस फोटोंचा. पण भरताना फिल्मचं टोक अगदी बेतानं ओढलं, तर एक फोटो जास्त निघतो. तो सदतिसावा बायकोचा.

तिला फोटोचं वावडं होतं. पण काही वाया गेलेलंही तिला खपत नसे. “एक उरलाय गं,” असं तो म्हणाला, की ती हात पुसत येई. “काढा एकदाचा,” म्हणून बसे. अल्बमभर ती तशीच आहे, किंचित वैतागलेली.

मग मुलीनं डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. त्याला तो मनापासून आवडला. फोटो लगेच दिसे, चुकला तर पुसता येई, अंधाऱ्या जिन्यातली मांजरसुद्धा स्वच्छ येई. पंचाईत एकच झाली. त्यात काही उरेचना.

“हजार मावतात म्हणे. मग माझ्यावाचून काय अडलंय?” ती उठून जाई.

यंदा ती मोठ्या आजारातून उठली. डोक्यावर बारीक केस पुन्हा येऊ लागले. हिचा फोटो आता हवाच, असं त्याच्या मनानं घेतलं. फ्रिजमध्ये जपलेल्या रोलपैकी एक त्यानं जुन्या कॅमेऱ्यात भरला. खिडकी, जिना, चपला, दिसेल ते टिपत सुटला.

“एक उरलाय गं.”

ती आली. बसली. डोक्याचा रुमालही सोडला.

फिल्म पुढे सरकवायला त्यानं खटका ओढला. तो हलेना. भरताना फिल्म जास्त ओढली गेली होती. रोल छत्तीसलाच संपला. त्याचा चेहरा उतरला.

“इतकी वर्षं कधी चुकला नाहीत ते!”

“घाई झाली गं.”

“मी कुठे पळून चालले होते?”

ती बोलून गेली. तो संपलेला रोल गुंडाळू लागला.

“दुसरा रोल आहे ना?” शेवटी तीच म्हणाली. “भरा. पण मी शेवटपर्यंत थांबणार नाही. पहिलाच माझा काढा. मग बसा मांजरीचे काढत.”

त्यानं रोल भरला. फिल्म किती ओढली, ते पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा डोळ्याला लावला, तर फोकस लागेना. चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

“सावकाश,” ती म्हणाली. “बसलेय मी.”