तात्यांच्या रणगाड्याची चोरी

ती घटना आठवली की आजही माझे बूट चिखलाने जड झाल्यासारखे वाटतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण सरकारी गणवेशात उभं राहून एवढं हसू दाबायची वेळ त्या एकाच तपासात आली. नावं सांगत नाही. गाव लहान आहे, माणसं हयात आहेत, आणि त्यातल्या एका बाईशी वाकडं घेण्याची माझी अजूनही तयारी नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. पावसाळा भरात होता. सकाळची हजेरी उरकून मी केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात साठीच्या पुढचे एक गृहस्थ आत आले. डोक्याला टोपी, खांद्यावर टॉवेल आणि चालण्यात माजी सरपंचाचा रुबाब. गाव त्यांना तात्या म्हणे, मीही इथे तेच म्हणतो.

"साहेब, ट्रक चोरीला गेला," ते म्हणाले. आवाज असा, की शेजारच्याची कोंबडी हरवल्याचं सांगताहेत.

ट्रक साधा नव्हता. लष्कराच्या लिलावातून घेतलेला, चारही चाकांना ताकद पोचवणारा, छातीएवढ्या टायरांचा. पुढच्या बंपरवर विंच, म्हणजे फसलेली गाडी ओढायचं पोलादी दोराचं यंत्र. पंचक्रोशीत त्याला रणगाडा म्हणत. आमच्याकडची काळी माती भिजली की तिच्यात ट्रॅक्टर बसतात, टेम्पो बसतात, वऱ्हाडाच्या जीपाही बसतात. कुणाचंही काही बसलं की फोन तात्यांना. तात्या ताटावरून उठून जात. पैसा घेत नसत. सुटलेल्या माणसाने रणगाड्याभोवती एक चक्कर मारून 'काय गाडी हाय!' म्हणायचं, एवढीच त्यांची अपेक्षा.

फिर्याद घेतली, गुन्हा नोंदवला. तात्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते सिरसाळ्याच्या बाजाराला गेले होते, गावही बाजारालाच गेलं होतं, आणि परत आले तर दारातून ट्रक गायब. शेजारच्या ठाण्यांना वायरलेस केला, अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लावली, पेट्रोल पंपांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण मागवलं. कुठेच काही नाही.

माझा हवालदार या भागात मुरलेला. तो म्हणाला, "साहेब, त्याला पळवणारा चोर अजून जन्मायचाय. डिझेल भरता भरताच कंगाल व्हईल बिचारा."

मग एका मेंढपाळाचा फोन आला. आमच्याकडे अधूनमधून बातमी देणारा माणूस.

"साहेब, रणगाडा गावाभायेर गेलाच न्हाई."

"तू पाहिलास?"

"पाहिलं न्हाई म्हणूनच सांगायलोय. गावाला रस्ता एकच, पुलावरचा. बाजाराच्या दिवशी माझी मेंढरं दुपारभर पुलावर बसलती. ट्रक गेला असता तर मला सगळी उठवावी लागली असती. मी तर झोपलतो."

यापेक्षा पक्की बातमी मला कुठल्या नियंत्रण कक्षानेही कधी दिली नव्हती. मी हवालदाराला घेऊन गावात गेलो.

तात्यांच्या घरी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, चहा दिला आणि न विचारता सगळं सांगितलं. "ट्रक इकायचं मीच ठरवलं, साहेब. लेकीचा साखरपुडा. पाव्हणे ताटावर बसलेले. ह्यांना फोन आला, उसाचा ट्रक नाल्यात बसलाय म्हणून. हे गेले! आले ते ग्रीसनं माखलेल्या सदऱ्यात. व्याह्यांना वाटलं गॅरेजवालाच आला. मंग मी म्हणलं, आता घरात एक तर ट्रक ऱ्हाईल न्हाई तर मी. पुण्याचं गिऱ्हाईक ठरलंय. सापडला की लगीच त्याला देऊन टाका."

पुण्याचं गिऱ्हाईक हौशी मंडळींपैकी होतं. ही मंडळी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम गाड्या चिखलात घालतात. हे ऐकून तात्यांना राहवलं नाही. "मुद्दाम घालतेत, साहेब! आमी जन्मभर काढीत आलो, आन् हे घालतेत!"

मला हेतू सापडला होता. मुद्देमाल तेवढा सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तात्यांना ठाण्यात बोलावलं. चोरी झालेला माणूस कसा असतो हे मला ठाऊक आहे. तो दिवसातून चार वेळा ठाण्यात येतो, आमच्या नावाने खडे फोडतो, आमदाराचा फोन लावून देतो. तात्यांनी एकदाही चौकशी केली नव्हती. शिवाय त्यांच्या नखांत ताजं काळं ग्रीस होतं.

"हे कशाचं?"

"विहिरीवरची मोटार बिघडलती."

"आणि कानामागे कडबा?"

"बैल हायेत, साहेब. बैलं कडबाच खातेत."

"तात्या, ट्रक कुठे आहे?"

"ते तुमी शोधायचं ना? मी शोधला असता तर फिर्याद कशापायी दिली असती?"

हवालदार भिंतीकडे तोंड करून खोकत होता.

आम्ही गावातले गोठे, शेड, आंब्याची बाग, सगळं पाहिलं. नाल्याकाठी तात्यांचा आखाडा होता, म्हणजे शेतातला गोठा आणि भोवतीचं आवार. तिथेही गेलो. दमून एका मोठ्या कडब्याच्या गंजीला टेकलो आणि तात्यांनी दिलेला चहा प्यायलो. चहा चांगला होता. सापडलं काही नाही.

परत येताना मी विचार केला. हा माणूस भीतीने बोलणार नाही. सरपंच असताना त्याने माझ्यासारखे कितीतरी अधिकारी चहा पाजून वाटेला लावलेत. पण फसलेली गाडी पाहून गप्प उभं राहणं त्याला जमतं का, ते पाहायला हवं.

पुढच्या सकाळी मी चालकाला जीप नाल्याकाठच्या वाटेने घ्यायला सांगितली.

"साहेब, हितं गाडी बसंल," तो म्हणाला.

"बसू दे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की माझी लवकर बदली व्हावी असं त्याला तेव्हाच वाटलं असावं. जीप अर्ध्या चाकांपर्यंत बसली. मी उतरलो, तर मीही बसलो. गाव जमलं. आधी बैलजोडी आणली. बैलांनी एकदा ताण घेतला आणि नकार दिला. मग ट्रॅक्टर आला आणि जीपशेजारीच बसला. आता दोन वाहनं झाली. आभाळही भरून आलं. वरच्या अंगाला पाऊस पडून गेलेला, नाल्याचं पाणी चढू लागलं. माझा सापळा इथवर नाटकी होता. आता मात्र सरकारी जीप खरोखर वाहून जाण्याची लक्षणं दिसू लागली, आणि पोलीस अधीक्षकांना लेखी खुलासा काय द्यायचा याची वाक्यं मी मनात जुळवू लागलो.

तात्या बांधावर उभे होते. आधी हाताची घडी. मग टोपी काढली, घातली. मग पुटपुटणं. शेवटी ओरडलेच, "अरे साखळी तिथं बांधतेत काय बे? बंपर उपटून हातात येईल! चाक फिरवू नको, खड्डा करायलास तू!"

कुणी ऐकेना. पाणी टायरला लागलं. तात्या माझ्यापाशी आले.

"जीप सरकारी हाय न्हवं?"

"हो."

"म्हंजी जनतेचीच." त्यांनी मोठा श्वास घेतला. "आलोच, साहेब. फकस्त तिकडं बघू नका."

मी अर्थातच तिकडेच पाहिलं. तात्या आखाड्यात शिरले, त्या मोठ्या गंजीच्या चार पेंढ्या बाजूला केल्या आणि आत दिसेनासे झाले. जरा वेळाने गंज खोकली. तिच्यातून काळा धूर निघाला, ती थरथरली आणि चालायला लागली. पेंढ्या दोन्ही बाजूंना कोसळल्या. टपावर कडबा, बॉनेटवर कडबा आणि काचेमागे ताठ बसलेले तात्या, असा रणगाडा शेत तुडवत आमच्याकडे आला. ज्या गंजीला पाठ लावून मी चहा प्यायलो होतो, ती हीच.

विंचचा दोर लागला. जीप आली, मागोमाग ट्रॅक्टर आला. सवयीने सगळ्या गावाने रणगाड्याभोवती चक्कर मारली आणि एका सुरात म्हटलं, "काय गाडी हाय!" मग ट्रक चोरीला गेलेला आहे हे लोकांच्या ध्यानात आलं आणि जो तो दोन पावलं मागे सरला. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात माझ्यापुढे केले.

तात्या आणि रणगाडा घेऊन ठाण्यात आल्यावर मात्र हसू मावळलं. खोटी फिर्याद देणं हा गुन्हा आहे. असा तपास आम्ही 'ब' समरी पाठवून बंद करतो, म्हणजे फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. त्यानंतर फिर्यादीवरच खटला भरता येतो. या वयात, जन्मभराच्या मानानंतर, तात्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणार होते. ते बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. पहिल्यांदाच म्हातारे दिसले. मला फार वाईट वाटलं, पण गंजीतून ट्रक निघाल्याचा पंचनामा मी स्वतःच केला होता.

तेवढ्यात काकू आल्या. मला वाटलं, आता नवऱ्याची हजेरी घेणार. त्यांनी तात्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यांना काय व्हईल?"

मी सांगितलं. त्या पदर सावरून म्हणाल्या, "लिवा माझा जबाब. ट्रक मी लपवला."

तात्यांनी झटकन मान वर केली.

"मीच गडी लावून गंज रचून घेतली. म्हणलं, गिऱ्हाईक येईस्तवर ह्यांच्या हाती लागू न्हाई, न्हाई तर पुन्यांदा कुठं ओढायला पळतील. ह्यांना वाटलं चोरी झाली. खरं काल सांगितलं मी. फिर्याद मागं घ्यायला येणारच व्हते हे, तेवढ्यात तुमी जीप फसवली."

मी तात्यांना विचारलं, "हे खरं आहे?"

तात्यांचं तोंड उघडंच होतं. त्यातून जेमतेम "ही म्हणती म्हंजी खरंच असंल" एवढं निघालं. आयुष्यात एवढं सावध उत्तर त्यांनी कधी दिलं नसावं.

जबाब म्हणजे सांगणाऱ्याचे शब्द. मी ते लिहिले, वाचून दाखवले, त्यांनी सावकाश सही केली. तपास 'क' समरीने बंद झाला. म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली. न्यायालयाने ती मंजूर केली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला काकूंनीच नकार कळवला.

माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या हौसेला हात घालावा, हे या प्रकरणाने मला शिकवलं, आणि पुढे ते बऱ्याच तपासांत उपयोगी पडलं. नवराबायकोचं भांडण मात्र मी तेव्हापासून पुरावा म्हणून कधीच धरलं नाही.

जबाबाच्या त्या दिवशी तात्या ट्रक सुरू करायला बाहेर गेले, तेव्हा काकू दारात थांबल्या. हळूच म्हणाल्या, "लग्नाला येवढी वर्षं झाली, साहेब. घरातल्या बैलापुढं ह्या माणसानं कधी कडब्याची पेंढी टाकली न्हाई. त्या ट्रकापायी आख्खी गंज रचली. असल्या माणसाकडून तो कसा काढून घ्यायचा, सांगा."

हे वाक्य मी जबाबात घेतलं नाही. सही आधीच झाली होती.